आक्काचं सुखाचं वर्ष

भिंगारच्या बाजारात भाजी घेत होतो, तेव्हा भाची सारिकाचा फोन आला. "मामा, आईला मारलं..." एवढंच बोलली. मला वाटलं, कुणाशी झटापट झाली असेल. "कुणी?" म्हणून विचारलं. "भानुकाकानं," ती म्हणाली, आणि पुढे तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला त्यावरून मला कळलं, की माझी थोरली बहीण राहिली नाही.

आता दीड महिना झाला. गेलं वर्ष आठवतो तेव्हा प्रत्येक चांगल्या प्रसंगात भानुदास, तिचा धाकटा दीर, उभा दिसतो. आक्का ऐन तिशीत विधवा झाली. पारनेर तालुक्यातली ती कोरडी जमीन तिनं एकटीनं कसली, सारिकाला शिकवलं. जीभ तिखट. बांधावरून भानुदासशी तिचं दरवर्षी वाजायचं, आणि चार दिवसांनी त्याच्याच घरून कालवणाची वाटी यायची. हिवाळ्यात तिच्या छातीत कळ आली. नगरच्या दवाखान्यात बायपास करायचं ठरलं, तेव्हा रक्त द्यायला पहिला भानुदास आडवा झाला. ती शुद्धीवर आल्यावर तो तिला म्हणाला, "वहिनी, माझं रगात हाय आता तुमच्यात. आता भांडायचं न्हाई." बोलायलाही त्रास होत होता, तरी आक्का म्हणाली, "रगात घेतलं म्हून बांध न्हाई द्यायची." खोलीतले सगळे हसले. तोही हसला.

उन्हाळ्यात सारिकाचं लग्न झालं. वडिलांच्या जागी कन्यादानाला भानुदास आणि त्याची बायको कमल बसले. पाठवणीच्या वेळी तो हमसून हमसून रडला. दिवाळीनंतर आम्ही नवराबायको, आक्का, भानुदास आणि कमल असे पाचजण रामेश्वरला गेलो. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा समुद्र पाहिला. लाटेला घाबरून तिनं भानुदासचा हात धरला, आणि घरी येईपर्यंत तिची बॅग त्यानंच उचलली. "लई सुखाचं वरीस गेलं बघ, आप्पा," परतताना ती मला म्हणाली...

फोन आला त्या दिवशी भानुदासनं ट्रॅक्टर बांधात घातला. सारिका माहेरी आली होती, पण घरात होती. शेतात होती ती कमल. पुढचं तिनंच पोलिसांना सांगितलं, नवऱ्याविरुद्ध, एक शब्द न गाळता. आक्का ट्रॅक्टरपुढे जाऊन उभी राहिली. तो खाली उतरला. शिव्या देता देता दोघं एकमेकांच्या मेलेल्या माणसांपर्यंत गेले. आक्कानं ढेकूळ उचलून मारलं, ते त्याच्या कपाळावर फुटलं. त्यानं ट्रॅक्टरवरची लोखंडी पहार ओढली आणि तिच्या डोक्यात घातली. ती पडली. पडल्यावरही त्यानं मारलं. कमलनं पाय धरले, तर तिला लाथेनं उडवलं. मग पहार टाकून तो तिथंच बांधावर बसला. पोलिस येईपर्यंत हलला नाही.

मी पोचलो तोवर भावकीतली पोरं काठ्या घेऊन त्याच्या घरासमोर जमली होती. मोटारसायकल जळत होती, खिडक्यांच्या काचा अंगणात पसरल्या होत्या. मी हयातभर कचेरीत कागद हाताळलेला माणूस, पण कुणीतरी कुऱ्हाड पुढे केली आणि मी ती घेतली. दारावर दोन घाव घातलेही. तिसऱ्याला सारिका आडवी आली.

"मामा, आत काकी एकलीच हाय. आईचं डोकं तिनंच मांडीवर घेतलं हुतं. तिच्या पातळाला आईचं रगात हाय अजून. तिला मारायचं, तर मारा."

कुऱ्हाड माझ्या हातातून तिनं काढून घेतली. मी पायरीवर बसलो.

भानुदास तुरुंगात आहे. खटला चालेल, त्याला शिक्षा व्हावी असं मला वाटतं, आणि ती कमी पडेल असंही वाटतं. सारिका सध्या आईच्याच घरी राहते. तेराव्यानंतर वेगळीच अडचण आली. आक्काची म्हैस कुणालाच धार काढू देईना. सारिकाला तिनं शिंगावर घेतलं, शेजारणीची बादली उडवली. कास तटतटून ती हंबरत राहायची. शेवटी एका सकाळी सारिकानं आई धारेला नेसायची ते जांभळं पातळ पेटीतून काढलं, पलीकडे गेली आणि कमलच्या हातात दिलं. "नेसून या, काकी," एवढंच म्हणाली.

परवा मी गेलो तेव्हा उन्हं उतरली होती. गोठ्यात पाठमोरी आक्का बसली होती. तेच जांभळं पातळ, डोक्यावर पदर. म्हैस शांत रवंथ करत होती. माझ्या तोंडून "आक्का" निघालंच...

कमलनं मागे वळून पाहिलं नाही. धार तेवढी थांबली. मग बादलीत पुन्हा आवाज सुरू झाला.