रिलीव्हर आलाच नाही

एकट्यानं खेळायचा चांगला खेळ कसा असतो, हे मले कोणी विचारावं, अन् तेही पासष्टी ओलांडल्यावर! पण विचारणारी माझीच पोरगी होती, म्हणून उडवून लावता आलं नाही.

ती पुण्याले राहते. चांगली नोकरी सोडून वर्षभर कम्प्युटरवर एक खेळ बनवून राहिली होती, एकटीच्या जिवावर. दिवाळीत इथं भिलाईले, बोरसीच्या घरी आली तेव्हा तो माझ्या कम्प्युटरमध्ये टाकून गेली. जायच्या आदल्या दिवशी मले समोर बसवून म्हणाली, "बाबा, दोस्त लोक तोंडावर चांगलंच म्हणतात. तुम्ही खेळा अन् खरं सांगा. तुम्ही जन्मात कोणत्या गोष्टीले उगाच चांगलं म्हणलं नाही, आईच्या भाजीलेही नाही. तुम्हाले नाही आवडला तर मी हे सगळं सोडते अन् भिलाईले परत येते. इथंच शिकवण्या घेईन."

आता सांगा बाप्पा! बायको जाऊन तीन वर्षं झाली. घरात आवाज करणारे दोघंच, मी अन् फ्रिज. पोरीनं परत यावं याच्याहून दुसरं मले काय पाहिजे होतं? 'नाही आवडला' एवढंच म्हणायचं होतं. पण खेळ न पाहता म्हणलं असतं तर तिनं दोन प्रश्नांत पकडलं असतं. म्हणून खेळणं भाग होतं.

खेळ म्हणजे काय, तर एक नदी, एक घाट अन् एक नाव. नाव चालवणारा मी. पलीकडच्या काठावर कोणी येते, घंटी वाजवते, त्याले अलीकडं आणायचं. बकऱ्यावाला येते, सायकलवाला येते, डोक्यावर टोपली घेतलेली बाई येते. बस, एवढंच. मी फोन करून विचारलं, "यात जिंकायचं कसं?"

"जिंकायचं नाही बाबा."

"मंग हारायचं?"

"हारायचंही नाही."

"समोरून कोण खेळते?"

"कोणीच नाही. तुम्ही एकटे."

डोकंच फिरलं माझं. नोकरीत होतो तेव्हा स्टील प्लांटच्या सेक्टर दहाच्या क्वार्टरात आम्ही कॅरम मांडला तर चार जण खेळत अन् आठ जण भांडत. ज्याच्यात भांडायलेच कोणी नाही, तो खेळ कायचा?

खुर्सीपारले माझा जुना जोडीदार राहते. प्लांटमध्ये एकाच क्रेनवर आमची शिफ्ट होती, मी उतरलो का तो चढे. त्याच्याकडं चहाले गेलो अन् विचारलं, एकट्याचा चांगला खेळ कसा असते. तो बशी फुंकत म्हणाला, "ज्यात हारलं तरी कोणाले दिसत नाही, तो एकदम बेस्ट."

"यात हारणंच नाही ना बे."

"जिंकणं?"

"तेही नाही. लोक येत राहतात अन् आपण त्याहिले नेत राहायचं."

"मंग तो खेळ नाही, ड्युटी आहे," तो म्हणाला अन् खो खो हासला. मी जास्तच गोंधळून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाले चहा घेऊन बसलो. म्हणलं, अर्धा तास पाहतो अन् दुपारी फोन करून नाही म्हणून टाकतो. बकऱ्या आणल्या. मागं वळून पाहतो तर पलीकडं सायकलवाला उभा. त्याले आणलं, तर बाई उभी. एकदा घंटी वाजवून गुमसुम उभी राहिली बिचारी, ओरडणं नाही का शिव्या नाही. तिले आणलं, तर आणखी कोणी. नऊ वाजले, पोटात कावळे ओरडाले लागले. कोपऱ्यातलं बटण दाबलं का खेळ जिथल्या तिथं थांबते, माणसंही तिथंच थांबतात, हे पोरीनं चांगलं समजावलं होतं. मले पाठ होतं ते. तरी हात जाये ना.

चौतीस वर्षं मी क्रेनच्या केबिनमध्ये काढली. खाली लाल लोखंड, वर मी. तिथं एकच कायदा होता. रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीचा माणूस, शिडी चढून वर येत नाही तोपर्यंत आपण खाली उतरायचं नाही, भूक लागो का ताप येवो. एकदा जोडीदार आला नाही तर सोळा तास वरच बसलो होतो. अन् आता हा शहाणा माणूस बोरसीच्या आपल्या घरात बसून, नाव चालवता चालवता दाराकडं पाहून राहिला होता, कोणी येते का म्हणून! कोण येणार होतं?

दोन वाजता उठलो. सहा ते दोन, प्लांटातली पुरी ए शिफ्ट. बटण दाबताना पलीकडं एक म्हातारा उभा होता, त्याले मी चक्क "जेवून येतो भाऊ" म्हणलं. मंग माझीच मले लाज वाटली.

जेवून फोन लावला. ठरवलं होतं तसंच बोललो. "काही खास नाही बेटा. अर्धा तास पाहिला, कंटाळा आला."

तिकडून कीबोर्डची टकटक आली.

"अर्धा तास, बाबा?"

"हव."

"मले इथं दिसते. कोण किती वेळ खेळलं ते माझ्याकडं येते. तुम्ही सहाले बसले अन् दोनले उठले. मधात एकदाही थांबवलं नाही."

धत् तेरी! नोकरीत कधी हजेरीत सापडलो नाही, अन् पोरीच्या हाती सापडलो.

"खोटं कावून बोलले बाबा?" तिनं विचारलं. मी तोंड उघडलं अन् जे बोलायचं नव्हतं तेच निघालं. "तू घरी यावं म्हणून. घर खायाले उठते मले."

ती रडाले लागली. रडता रडता मधातच हासली. "आठ तास, बाबा! इतका वेळ तर कोणीच बसलं नाही. म्हणजे आवडला ना तुम्हाले? आता तरी खरं सांगा."

पण खरं काय होतं, हेच तर मले समजे ना. वल्ह्याचा तो पाण्यातला आवाज कानाले गोड लागला होता. आठ तासांत घर रिकामं आहे हे एकदाही आठवलं नव्हतं. हे खरं. अन् मी आवडीनं नाही, सवयीनं बसलो होतो, रिलीव्हरची वाट पाहत, हेही तेवढंच खरं. 'बेटा, मी ड्युटी समजून बसलो होतो,' एवढं एक वाक्य बोललो असतो तर ती आठ दिवसांत घरी आली असती. अन् ते खोटंही नव्हतं. जिभेवर आलं होतं ते वाक्य. मी गिळून टाकलं.

"आवडला," मी म्हणलं. "चांगला बनवला तू. सोडू नको. तिथंच राहा."

"अन् तुम्ही?"

"मले काय धाड भरली? राहतो ना मी."

त्या दिवशी मी खरं बोललो का खोटं, हे मले अजूनही समजलं नाही. पोरगी पुण्यालेच आहे.