पंचमीपर्यंत पाहुणे

झाशी स्टेशनवर आम्हाला पोचवायला अख्खी गल्ली आली होती. अख्खी म्हणजे अख्खी. मागे घरं राखायला फक्त कुत्री उरली होती, आणि त्यातलंही एक प्लॅटफॉर्मवर आलंच होतं. सासूबाई रडत होत्या, पानवाला रडत होता, आणि ज्या शेजाऱ्याशी नळावरून आमचं पिढीजात वैर होतं तो सगळ्यात मोठ्यानं रडत होता. "साउथला निघालास लेका," तो म्हणाला, "भात खाऊन खाऊन फुगशील." नाशिक म्हणजे त्याच्या लेखी कन्याकुमारीच्या अलीकडचं स्टेशन. नर्मदा ओलांडली की पुढे सगळं साउथ, एवढाच भूगोल आमच्याकडे शिकवतात.

आम्ही खानवलकर. पणजोबा कोकणातून झाशीला गेले ते तिथलेच झाले. घरात मराठी बोलायचो, पण तिला बुंदेलखंडाची हवा लागलेली. नव्वदचं दशक अर्धं सरलं तेव्हा झाशीतला माझा कारखाना बंद पडला आणि नाशकात, सातपूरला, लेथ विभागात नोकरी मिळाली. माझी बायको मालती यायला तयार नव्हती. शेवटी तिनं अट घातली. "होळीपर्यंत बघते. तोवर जीव रमला नाही, तर मी परत झाशीला. तुम्ही राहा तुमच्या लेथपाशी." मालती एकदा बोलली की रेल्वेचं टाइमटेबल बदलेल, मालती बदलत नाही.

इटारसीला गाडी इतका वेळ थांबली की समोरच्या बाईनं विणायला घेतलेला स्वेटर संपला आणि तो घालणारं पोर त्याच्यात मावेनासं झालं. भुसावळला केळी घेतली. एकेक माझ्या हाताएवढं, आणि माझा हात लहान नाही. मनमाडच्या पुढे थंडी सुरू झाली. साउथ म्हणून मालतीनं रजया झाशीतच ठेवल्या होत्या. नाशिक रोडला पहाटे उतरलो तेव्हा आमचे दात इतके वाजत होते की हमालाला वाटलं आम्ही भांडी घेऊन आलोय.

रिक्षावाल्यानं विचारलं, "कुठनं आले?"

"झाशी."

"राणीच्या गावचे व्हय? मग बसा ना."

त्यानं ट्रंका स्वतः चढवल्या, वाटेत द्वारका चौकात रिक्षा थांबवून चहा पाजला आणि चहाचे पैसे मला देऊ दिले नाहीत. मी खिसे चाचपले. आमच्या उत्तरेत अनोळखी माणूस चहा पाजतो तेव्हा त्याला एक तर मत हवं असतं, नाही तर त्याची मुलगी लग्नाची असते. ह्याला दोन्ही नको होतं. मालती माझ्या कानात म्हणाली, "हा पुढे काहीतरी करणार, सावध राहा." पुढे त्यानं पंचवटीत घर शोधून दिलं आणि नमस्कार करून गेला.

घरमालक अण्णा जाधव. मखमलाबादला त्यांचा झेंडूचा आणि भाजीचा मळा, आणि पंचवटीतल्या घराची वरची खोली आम्हाला भाड्यानं दिलेली. अण्णा कमी बोलायचे. त्यांच्या बायकोला सगळे ताराकाकू म्हणत. पहिल्याच दिवशी काकूंनी मेथीची भाजी, भाकरी आणि ठेचा वर पाठवला. दुसऱ्या दिवशी समोरच्यांनी शेवभाजी दिली. तिचा रसा (तर्रीवाला पातळ भाग) असा तिखट की एका घासात मला झाशीचा किल्ला दिसला, बुरुजांसकट. तिसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या मास्तरीणबाईंनी खीर धाडली. महिनाभर मालतीनं चूल पेटवली असेल तर ती फक्त हात शेकायला.

एवढं सुख म्हटल्यावर बायको खूश असेल असं मी धरून चाललो. ती वाळत चालली होती.

"अहो, हे लोक भांडत नाहीत," एकदा ती म्हणाली.

"मग चांगलंच की."

"काय चांगलं? मी त्यांच्या दोरीवर कपडे टाकले, काकू म्हणाल्या 'असू द्या ताई'. मी त्यांचा पाटा विचारल्याशिवाय उचलला, म्हणाल्या 'तुमचाच आहे'. तुमचाच आहे म्हणजे माझा नाहीच. सगळे आपल्याला पाहुणे म्हणतात. पाहुण्यांनी कधीतरी जायचं असतं."

झाशीत आमच्या गल्लीत सकाळी कुणी शिवी दिली नाही तर माणूस आजारी आहे की काय म्हणून बघायला लोक येतात.

द्राक्षांच्या दिवसांत अण्णा आम्हाला दिंडोरीला त्यांच्या मेहुण्याच्या बागेत घेऊन गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना मांडव, मांडवाखाली हिरवा अंधार आणि त्यात लोंबणारे घड. डोंगर दूर, माथे कापल्यासारखे सपाट, जणू कुणी वरचा भाग उधार नेलाय. मेहुणे म्हणाले, "खा, पायजे तेवढी खा." हे वाक्य माझ्यासमोर बोलायचं नसतं. दोन ओळी मी एकट्यानं रिकाम्या केल्या असं तिथले मजूर आजही सांगत असतील. मी दीडच मानतो. परतताना मेहुण्यांनी मालतीच्या ओटीत मोठा घड घातला. "पुढच्या साली छाटणीला या, पाहुणे," ते म्हणाले. गाडीत बसलेली मालती खिडकीबाहेर बघत होती. पुढचं साल तिच्या हिशेबात नव्हतं.

मी ठरवलं, होळीलाच डाव मारायचा. होळी म्हणजे आमचा प्रांत. झाशीहून येताना मी पक्क्या गुलाबी रंगाच्या पुड्या आणल्याच होत्या. धुळवडीच्या दिवशी मोठं पातेलं भरून मी जिन्यावर दबा धरून बसलो. कुठंतरी हलगी वाजत होती, पण गल्लीत कुणाच्या अंगावर रंगाचा थेंब नाही. मला वाटलं, घाबरलेत लेकाचे. तेवढ्यात खालचं दार उघडलं आणि मी पातेलं उपडं केलं.

खाली अण्णा होते. पांढरं धोतर, पांढरा सदरा, डोक्याला कोरा पांढरा फेटा, हातात नारळाच्या वाटीत ठेवलेला टाक (पूर्वजांची चांदीच्या पत्र्यावरची छोटी मूर्ती). त्या दिवशी नाशकात रंग खेळत नाहीत. त्या दिवशी घरोघरचे वीर, म्हणजे गेलेले पूर्वज, वाजतगाजत गोदावरीवर स्नानाला निघतात. रंग पाच दिवसांनी, पंचमीला. हे मला सोडून नाशकातल्या म्हशींनाही ठाऊक होतं.

अण्णा फेट्यापासून अंगठ्यापर्यंत गुलाबी झाले होते. हलगीवाला वाजवायचा थांबला. मागे उभ्या ताराकाकूंनी तोंडाला पदर लावला. मी जिन्यावर पातेल्यामागे जेवढा मावेन तेवढा मावलो.

अण्णांनी आधी टाक पुसला. मग डोळे पुसले. वर बघून शांतपणे म्हणाले, "पाहुणे, आज नाय. आज वीर हाय." आत गेले, दुसरे कपडे घालून आले, आणि हलगी पुन्हा सुरू झाली.

वर आलो तर मालती ट्रंक उघडून बसलेली.

"चुकून झालं," मी म्हणालो.

"झालं ते झालं. पण ऐकलंत का तुम्ही? पाहुणे म्हणाले. झाशीत कुणाच्या आजोबांवर असं पातेलं ओतलं असतं तर तुम्हाला गल्लीत फरफटत नेलं असतं आणि संध्याकाळी जेवायला घातलं असतं. इथं माफ करून टाकलं. मला नाही राहायचं. पंचमीनंतरचं तिकीट काढा."

काढलं. होळीपर्यंतचा वायदा होता आणि होळी झाली होती. जायची गाडी तेवढी पक्की केली, परतीचं तिच्या मर्जीवर सोडलं.

निघायच्या आधी अण्णांचा फेटा तरी धुऊन द्यावा म्हणून मालती खाली गेली. मळ्यातून आलेल्या फुलांचे ढीग अंगणात पडले होते. पळसाची फुलं, झेंडू. चौकातल्या रहाडीसाठी (रहाड म्हणजे जमिनीत बांधलेला दगडी हौद, वर्षभर बुजवलेला असतो, पंचमीला उघडतात) त्यांचा रंग शिजायचा होता. मालतीनं नळावर फेटा साबणात बुडवला आणि दोन्ही हातांनी घासायला घेतला. गुलाबी डाग होते ते सगळीकडे पसरले.

ताराकाकू ओट्यावरून बघत होत्या. जरा वेळ त्यांनी धीर धरला. मग सुटला.

"अगं ए बये, सोड तो फेटा. असा धुतात व्हय रंग? झाशीत धोबी मेले का समदे?"

मी जिन्यात जागच्या जागी थिजलो. मालतीनं मान वर केली.

"धोबी आहेत. पण फेट्याला इतकी खळ घालणारे नाहीत. ह्यात रंग अडकणार नाही तर काय होईल?"

"नवऱ्यानं घाण करायची आन् आमच्या खळीला नावं ठेवायची. ये इकडं. बस. फुलं निवड. देठ राहिला तर बघ."

मालती बसली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "पळस नुसता उकळून चालत नाही. चुन्याची निवळी टाका, नाही तर वरणाच्या पाण्यासारखा रंग येईल."

"आम्ही जन्मभर शिजवतोय रंग."

"म्हणूनच सांगतेय."

तिथून जे भांडण लागलं ते दुपार कलेपर्यंत चाललं. फुलांवरून ते चुन्यावर गेलं, चुन्यावरून दोरीवरच्या कपड्यांवर, कपड्यांवरून पाट्यावर. "विचारल्याबिगर नेला होता, मला कळलं नाय असं वाटलं का तुला?" काकू म्हणाल्या. समोरच्यांनी खिडक्या उघडल्या. मास्तरीणबाई खुर्ची घेऊन ओट्यावर आल्या. गोदावरीचं पाणी त्या दुपारी ऐकायला थांबलं होतं, असं मला रामकुंडावरच्या एकानं सांगितलं, आणि त्याला खोटं बोलायचं कारण नव्हतं. शेवटी निवळी टाकली की नाही ते मला कळलं नाही, पण रंग पिवळाधमक उतरला.

मालती वर आली तेव्हा हात कोपरापर्यंत पिवळे होते. "बये म्हणाल्या मला," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला बसली. तिकिटाचं नाव मी काढलं नाही.

पंचमीला अण्णा चौघांना घेऊन वर आले. मी म्हणालो, "अण्णा, बसा, चहा घेता का?"

"चल खाली," अण्णा म्हणाले. मला पहिल्यांदाच अरेतुरे. "लय हौस ना तुला रंगाची."

चौघांनी मला हातापायाला धरून चौकात नेलं. रहाडीभोवती माणसं इतकी की घरं मागे सरकली होती. गच्चीवरून मालतीचा आवाज आला, "अण्णा, डोकं आधी घाला, पाय नंतर." आणि त्यांनी मला धप्पा दिला (रहाडीत टाकण्याला तिथं धप्पा म्हणतात). रंग कोमट होता आणि खोली मी मोजली नाही. पण खाली जाईपर्यंत माझं सगळं आयुष्य आठवून झालं आणि थोडं शिल्लकही राहिलं. वर आलो तर काठावर अण्णा वाकलेले. त्यांनी एका हातानं मला बाहेर ओढलं आणि दुसऱ्या हातानं पाठीत असा धपाटा घातला की छातीतून आवाज आला. "आता फिट्टंफाट," ते म्हणाले. "घरी चल, मांडे केलेत."

दुसऱ्या दिवशी आम्ही झाशीची गाडी पकडली. निघताना मालती ताराकाकूंच्या कानात काहीतरी सांगून आली. माझा रंग गेला नव्हता. तिकीट तपासनिसानं कावीळ समजून मला खिडकीची जागा मिळवून दिली. झाशीला पोचल्यावर मालती आईच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, गळ्यात पडली, गल्लीभर हिंडली, आणि मग तिनं घराचं कुलूप काढून रजया, हंडे, देवांचा डबा असं सगळं बांधायला घेतलं. सासूबाईंनी विचारलं, "तिकडे माणसं कशी आहेत गं?" मालती दोरीची गाठ आवळत म्हणाली, "भांडकुदळ आहेत. बरी आहेत."

जावं तिथली माणसं किती गोड बोलतात यावरून मी गावं मोजायचो. आता त्या मोजणीवर माझा फारसा भरवसा नाही.

नाशिक रोडहून आलेली रिक्षा दारात थांबली तेव्हा ताराकाकू कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होत्या. त्यांनी वर बघितलं, रजयांचा डोंगर बघितला, आणि उठल्या नाहीत.

"आठवडा सांगून गेली होतीस," त्या म्हणाल्या. "एवढे दिवस जुड्या काय तुझ्या आईनं बांधायच्या?"

"आई म्हणाली, तुमच्याकडून ढिल्या बांधल्या जातात," मालती म्हणाली. मग पदर खोचून ती ढिगाच्या पलीकडच्या बाजूला बसली, आणि सामान वर चढवायला मी एकटाच उरलो.