तीन चाळीसचं क्रेडिट

शिवडीच्या एका गोदामात जुनं सामान विकायला काढलं होतं, तिथे मला ते दिसलं. उभ्या कपाटाएवढं व्हिडिओ गेमचं यंत्र, आमच्या लहानपणी लालबागच्या पार्लरमध्ये असायचं तसंच. रुपया टाकायचा आणि दांडा धरायचा. घरी येऊन मी दार मोजलं. सत्तावीस इंच. यंत्र साडेपंचवीस. दुसऱ्या दिवशी टेम्पो केला आणि चार हमालांनी ते चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर चढवलं.

"यात कपडे ठेवता येतात?" बायकोने विचारलं.

"नाही."

"मग दळण?"

ठेवायला जागा एकच होती. आमचा ओटा आम्ही काही वर्षांपूर्वी खिडकीकडे नेला, त्यामुळे आतल्या भिंतीचा जुना कोपरा रिकामा होता. चाळीतल्या लगतच्या दोन खोल्या आरशात पाहिल्यासारख्या असतात. जिथे आमचा ओटा होता, त्याच्या पाठीला पाठ लावून शेजारच्या काकीचा ओटा. मध्ये चार इंचांची भिंत.

काकी ब्याऐंशी वर्षांची, एकटी राहते. काका गिरणीत होते, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. मुलगा माझ्या बरोबरीचा, आता डोंबिवलीला असतो. गेल्या दिवाळीत काकी दूध ठेवून विसरली. पातेलं जळलं, बाजूचा फडका पेटला. मुलगा आला, सिलिंडर घेऊन गेला, काकीला डबा लावून दिला. शेगडी तेवढी राहिली. जाताना मला म्हणाला, "तू आकडे लिहून ठेवणारा माणूस, म्हणून तुला सांगतो. लक्ष ठेव. पुन्हा एकदा जरी ती शेगडीच्या नादाला लागली, तर मी तिला घेऊन जाणार. तेव्हा मध्ये पडू नकोस."

काकी दारात उभी राहून ऐकत होती. तो जिना उतरल्यावर मला एवढंच म्हणाली, "हयसून माका नेल्यान, तर मी वाटेतच मरान."

मी दोघांनाही मान डोलावली होती.

यंत्रात दोन बिघाड दिसत होते. चित्र वर वर सरकायचं आणि आवाज येत नव्हता. दादरचे एक जुने टीव्ही मेकॅनिक आले, वय सत्तरीचं. दोन खेपांत त्यांनी दोन्ही बिघाड काढले आणि सांगितलं, "रोज दुपारी चार तास चालू ठेवा. काही वेगळं दिसलं तर लिहून ठेवा." मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करतो. टेबल यंत्रासमोर घेतलं आणि एक दोनशे पानी वही केली.

पहिल्याच मंगळवारी तीन एकेचाळीसला टुंग असा आवाज आला. पडद्याच्या कोपऱ्यात क्रेडिट शून्याचं एक झालं. मग दोन. मग तीन. नाण्याची पेटी उघडी होती, आत काही नव्हतं. बुधवारी तीन चाळीसला तीन. शुक्रवारी तीन बेचाळीसला तीन. खेळ आपोआप सुरू व्हायचा नाही. तीन क्रेडिट जमा होऊन पडदा नुसता लुकलुकत राहायचा, कुणी बटण दाबायची वाट बघत असल्यासारखा.

मी व्होल्टेज मोजलं. दोनशे अठ्ठावीस ते दोनशे एकतीस, उडी कुठेही नाही. पुढच्या मंगळवारी फ्रिज बंद ठेवला, बुधवारी वायफाय. दोन्ही दिवशी तीन चाळीसला तीन.

"याला पण गिरणीसारखी पाळी आहे वाटतं," बायको म्हणाली आणि हसली. पण त्यानंतर दुपारची इस्त्री ती बाहेरच्या खोलीत करायला लागली.

मेकॅनिकनी मागची फळी काढून बराच वेळ बॅटरी मारली. "अर्थिंगची तार तुटलीय. आणि नाण्याच्या लाइनीवरचा बारका कंडेन्सर कुणीतरी काढलाय. जवळपास ठिणगी पडली की हिला वाटतं, नाणं पडलं. पूर्वी पोरं घरचा गॅस लायटर घेऊन यायची ना. फटीपाशी टक टक, की फुकट खेळ."

त्या पोरांपैकी एक मी होतो, हे मी त्यांना सांगितलं नाही. लायटर काकीचा असायचा, तिचा मुलगा शर्टात लपवून आणायचा. सापडलो तेव्हा काकीने त्याच लायटरने दोघांचे घोटे बडवले होते.

आमचा लायटर घेऊन मी तपासलं. एका फुटावरून क्रेडिट पडतं, दोन फुटांवरूनही पडतं, तीनवरून नाही. आमचा ओटा अकरा फुटांवर आहे.

"भिंतीमागे कुणाचं स्वयंपाकघर आहे का?" मेकॅनिकनी विचारलं.

"आहे," मी म्हणालो, "पण तिथे गॅस नाही."

त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि हत्यारं पिशवीत भरली. कंडेन्सर सोमवारी आणतो म्हणाले.

शुक्रवारी तीन अडतीसला मी शेजारी गेलो. दार लोटलेलं होतं. काकी ओट्यापाशी उभी, वेणी घातलेली, तोंडाला पावडर. शेगडीवर पातेलं, बाजूला दोन कप. तिने बटण फिरवलं आणि लायटर मारला. टक, टक, टक. भिंतीपलीकडून माझ्या घरातून आवाज आला. टुंग, टुंग, टुंग.

ती पातेल्याकडे बघत थांबली. मी घड्याळ पाहिलं, चार मिनिटं. मग तिने बटण बंद केलं, फडक्याने पातेलं उचललं, गाळणं धरलं आणि दोन्ही कपांत ओतलं. एक थेंब पडला नाही.

"इलंस? पाय धुतलंस?" मागे न बघता तिने विचारलं.

"हो," मी म्हणालो. धुतले नव्हते.

"बस." मी बाकावर बसलो. एक कप तिने माझ्या हातात दिला, दुसऱ्यावर बशी झाकली. "साखर पुरे मां?"

मी कपावर फुंकर मारली आणि मग माझ्या लक्षात आलं, कप तर रिकामा आहे. "पुरे."

"पयली पाळी सुटली. येतीत आता."

त्या गिरणीच्या जागी आज काचेचा टॉवर आहे. मग ती माझ्याकडे वळली, एकदम नेहमीच्या नजरेने. "त्या डब्यावाल्याक सांग. चपाते चार ठरले, देता तीन."

मी खात्री केली. ठरल्या चारच होत्या.

रविवारी मुलाचा फोन आला. "काय म्हणते आई? काही पेटवत नाही ना?"

वही समोर उघडी होती. सहा नोंदी.

"नाही. तिथे काहीच पेटत नाही."

"नक्की?"

"नक्की."

तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासल्या. एकेक ओळ खरी आणि बेरीज खोटी, हे कसं लिहितात ते मला ठाऊक आहे.

सोमवारी मेकॅनिक आले. बायको मला बाजूला घेऊन म्हणाली, "राहू दे की तेवढं. काकी उठल्याबसल्याचं कळतं तरी."

"कळलं की लिहावं लागतं," मी म्हणालो. "लिहिलं की कधीतरी दाखवावं लागतं."

कंडेन्सर बसला, तार जोडली. मेकॅनिकनी फटीला टेकवून लायटर मारला, दहा वेळा. क्रेडिट शून्य. "आता शंभर टक्के," ते म्हणाले. शेवटच्या नोंदीखाली मी आडवी रेघ ओढली. आता यंत्र सांगणार नव्हतं, म्हणजे मलाच जायला हवं होतं.

मंगळवारी तीन अडतीसला पाय धुवून गेलो. बाकावर बसलो. यंत्र माझ्या घरात चालूच होतं. काकीने लायटर मारला. टक, टक, टक. भिंत गप्प राहिली.

लायटर हातात तसाच धरून ती भिंतीकडे कान देऊन उभी राहिली. बराच वेळ. तिला तो आवाज इतके दिवस ऐकू येत होता, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आज वाजूक नाय," ती म्हणाली.

"काय, काकी?"

"रोज वाजता. वाजला की समजायचा, गिरणीतसून निघाले." तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. "आज वाजूक नाय. म्हणजे इले."

तिने चहा ओतला. मला माझा कप दिला. दुसऱ्या कपावर या वेळी बशी झाकली नाही. तो हातात घेऊन ती बाकापाशी आली आणि माझ्या शेजारी बघत उभी राहिली.

"वायच सर रे. तेंका बसाक होया."

मी वीतभर सरकलो.

"अजून," काकी म्हणाली.

मी भिंतीला खांदा लागेपर्यंत सरकलो. एक माणूस बसेल एवढी जागा झाल्यावर तिने कप खाली ठेवला.