प्रॅक्टिकलचा बैल

शेण रोज काढा, उकिरडा वाढतच जातो. आमच्या कृषी कॉलेजातल्या गोष्टींचंही तसंच. तिथल्या गोठ्यावर मी अर्धं आयुष्य काढलं. शाळा पाहिली नाही. गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं गिरवून स्वतःच लिहायला शिकले. म्हणून हे सगळं माझ्याच हातचं. कोणाला खोटं वाटत असेल तर समोर येऊन बोला!

लाल्या आणि चांद्या ही आमची बैलजोडी. नांगरणीची प्रॅक्टिकलं यांच्यावरच व्हायची. नेरकडच्या तांड्यावरचा पोरगा त्यांना बंजाऱ्यांच्या गोरबोलीत हाकायचा, मुकुटबनची पोरगी कोलामीत, आणि पुण्याहून आलेला एक तर "प्लीज" म्हणायचा. बैल सगळ्यांचं ऐकायचे. मी प्राचार्यांना तोंडावर म्हटलं, "सर, तुमच्या स्टाफात इतक्या भाषा कोणाले येत नाहीत!"

सर हसले. दुसरं काय करतील?

•

एकदा बाहेरून परीक्षक आले. पोरगं नांगराच्या रुमण्याला हात लावून नुसतं मागं मागं चालत होतं. बैलांनी आपल्याच मनानं सरळ तास काढलं, शेताच्या धुऱ्याशी आपसूक वळले. परीक्षक म्हणाले, "मार्क कुणाला देऊ? तुला की बैलाला?"

पोरगं म्हणते कसं, "सर, ग्रुप प्रॅक्टिकल आहे!"

•

एका पोळ्याला हार कमी पडले, तर पोरांनी आपली आयकार्डंच बैलांच्या गळ्यात घातली. मिरवून परत आले, तर गेटवर नवा वॉचमन. त्यानं बैल आत सोडले आणि पोरं अडवली!

"काहून अडवता भाऊ?"

"कार्ड कोनाच्या गळ्यात आहे, ते पाहा ना!"

मी हसून हसून मातीत बसले. तसं हसणं पुन्हा त्या कॉलेजात झालं नाही.

•

चांद्या एका सकाळी उठलाच नाही. लाल्यानं वैरण खायचं सोडलं. ऑफिसातले साहेब म्हणाले, "बाई, नियमात बैलजोडी आहे. एकटा बैल बसत नाही. लिलाव करावा लागेल."

"मी बी रिटायर होऊन राह्यली. मले बी काढता काय लिलावात?"

साहेब फायलीतले कागद चाळू लागले.

"मग मले द्या. मरेपर्यंत सांभाळते."

"कर्मचाऱ्याला बोली लावता येत नाही."

"मी कर्मचारी, अन् लाल्या कोन?"

भांडून जिंकायची माझी सवय. तिथं मात्र हरले. लाल्याला बोरी अरब गावच्या एका शेतकऱ्यानं नेलं. टेम्पोत चढताना तो कसा दिसत होता, ते विचारू नका. मी भिंतीकडे तोंड करून उभी होते.

•

रिटायर झाल्यावर बसनं बोरी अरबला गेले. शेतकरी भला माणूस. लाल्याला दुसऱ्या बैलासोबत वखराला जुंपलं होतं. मला चहा देत म्हणाला, "मावशी, बैल गुनाचा आहे जी. पन एक खोड हाय. रस्त्यानं कालेजातले पोरं-पोरी दिसले का थांबते, मान वर करते अन् तोंड उघडते. काहून?"

बैलाचं वय दातांवरून ओळखायचं, हा आमच्याकडे पहिल्या वर्षाचा धडा. दर साली नवी पोरं रांगेनं यायची, लाल्याचा जबडा उघडून दात बघायची. पुढं पुढं तो पोरं दिसली की आपणच उघडायचा.

तेवढ्यात गावचं ज्युनियर कॉलेज सुटलं. पोरं मोबाइलमध्ये बघत शेताजवळून गेली. लाल्या थांबला. मान वर केली. तोंड उघडलं.

कोणी पाहिलं नाही. पोरं वळणाआड गेली, तरी तो तसाच उभा.

मी चहा खाली ठेवला, ढेकळं तुडवत त्याच्यापाशी गेले, जबडा हातात धरला आणि एकेक दात नीट पाहिला.

"पाह्यले रे बाप्पा! मिट आता."

त्यानं तोंड मिटलं आणि वखर पुढं ओढू लागला.