मॅडमचं पोस्टमॉर्टेम

काल मी माझ्या मॅडमचं पोस्टमॉर्टेम केलं.

ज्यांनी मला हे काम शिकवलं, त्या डॉ. इंगळे मॅडम. रिटायर झाल्यावर अमडापूरला दोन खोल्या घेऊन एकट्याच राहायच्या. परवा शेजारच्या मावशींनी दार वाजवलं, फोन केला, शेवटी पोलिसांना बोलावलं. दार आतून बंद होतं.

बॉडी आमच्याच हॉस्पिटलला आली.

मी ‘नाही’ म्हणू शकले असते. मग त्यांना दुसरीकडे पाठवलं असतं, अनोळखी हातांत. ते मला सहन झालं नसतं.

मॅडमची एक शिस्त होती. कोणाचं काही ऐकायच्या आधी बॉडी बघायची. नातेवाईक, पोलीस, सरपंच, सगळे बाहेर.

"आधी मयत पाह्य. पंचनामा मंग वाच. आधी आयकलं का डोळे तेच शोधतेत."

आमच्याकडे बॉडीही सीझनप्रमाणे येतात. पेरणीत सर्पदंश. फवारणी सुरू झाली की विषबाधा. लग्नसराईत टू-व्हीलरवाले, हेल्मेट घरी खुंटीला.

विहिरीला मात्र सीझन नसतो. "धुणं धुताना पाय घसरला." हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले, आणि दरवेळी मयत कुणाची तरी सून असते. अशाच एका सुनेच्या गळ्यावर मॅडमना दाबल्याच्या खुणा सापडल्या. सासरचे लोक मॅडमच्या दारात येऊन वाट्टेल ते बोलून गेले.

हळदीकुंकवाला त्यांना कोणी बोलवायचं नाही. लग्नपत्रिका यायच्या नाहीत. मुडदे चिरणारे हात ना!

"बरं हाय व, आहेर वाचले," असं म्हणून हसायच्या. मीही हसायचे.

काल बॉडी यायच्या आधीच चहाच्या टपरीवर निकाल लागला होता. बॉडीसोबत आलेले पोलीस जमादार हळूच म्हणाले, "मॅडम, लोकं म्हणून राह्यले का काही घेतलं असन. एकटी बाई, करमत नसन."

आत गेले आणि माझे डोळे तेच शोधायला लागले. आधी वास घेतला. ओठ पाहिले, नखं पाहिली. मनात एकच, मॅडम, तुम्ही तसं काही केलं असेल तर ते मला कळायला नको.

मग थांबले. बेसिनवर जाऊन तोंड धुतलं. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, जणू ही बाई कोण हे मला माहीतच नाही.

हृदयाची रक्तवाहिनी ब्लॉक होती. गुठळी समोर दिसत होती. पोटात भाकर, भाजी. विषाची एकही खूण नाही.

मला रडू फुटलं. सुटल्यासारखं वाटलं, खरं सांगते.

हातमोजे काढून बाहेर आले. पीएम झालं की माणूस कशानं गेलं हे नातेवाइकांना आम्ही बाहेर येऊन सांगतो. कडुलिंबाखाली नेहमी गर्दी असते, कोणी रडत असतं, कोणी भांडत असतं.

काल तिथं कोणीच नव्हतं.

जमादार गाडीत बसून फोनवर बोलत होते. कुणाला सांगू?

रिपोर्ट पोलिसांकडे गेला, तो कोणी मागायला जाणार नाही. टपरीवरची गोष्ट मात्र गावभर फिरत राहील. म्हणून इथं लिहिते. या प्रोफाइलवर अमडापूर, चिखली, खामगावचे पुष्कळ जण आहेत. तुमच्यातल्या कितीतरी जणांच्या लेकरांचा ताप मॅडमनी याच हॉस्पिटलच्या ओपीडीत उतरवलाय.

तुम्हीच नातेवाईक आहात असं समजून सांगते.

मॅडमनी काही घेतलं नव्हतं.
हार्ट अटॅक होता.
जेवून गेल्या.

भावपूर्ण श्रद्धांजली, मॅडम. सगळ्यांना सांगितलं मी.

या आता.