पाठमोऱ्या मॅडम

तिरुपूरच्या कारखान्यात आज कटिंग मास्तरांनी पहिल्यांदाच माझ्या हातात खडू दिला. कापडाचे चाळीस थर एकावर एक होते. माझी रेघ चुकली, तर सगळेच वाया जाणार होते. खडूचा कोरडा वास नाकात गेला आणि मी ग्वाल्हेरला, कंपू भागातल्या माझ्या शाळेत पोचले.

सातवीत जाधव मॅडमनी मला फळ्यावर भारताचा नकाशा काढायला उभं केलं होतं. गुजरातपाशीच रेघ वाकडी गेली. "मैडम, इससे नहीं होगा!" मागून कुणीतरी ओरडलं. वर्ग हसला. मी तळव्याने रेघ पुसली, तर पांढरा फराटा उमटला.

"सब लोग किताब में देखो," मॅडम म्हणाल्या. मग मला हळूच, "मी पण तिकडे बघते गं. झालं की सांग." आणि त्या खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

मला वाटलं, वैतागल्या. भीत भीत कन्याकुमारी गाठली, वर चढले आणि रेघेला रेघ मिळाली. पुढच्याच वर्षी माझी शाळा सुटली. त्या पाठ फिरवण्यात केवढा भरवसा होता, ते आज कळलं.

मास्तर माझ्या खांद्यावरून वाकून बघत होते.

"मास्तर, जरा तिकडे बघता का?" मी म्हटलं. "झालं की सांगते."