साडूंची सुंदर गाठ

माझ्या साडूंइतका विद्वान आणि विद्वत्तेपायी इतका निरुपयोगी झालेला माणूस खामगावने दुसरा पाहिला नसेल. मुंबईत ते एमआरआयवर संशोधन करत. शिरेतून एक औषध सोडायचं, दर काही सेकंदांनी चित्र घ्यायचं आणि कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्यांतून ते किती भराभर पाझरतं हे मोजायचं. ते यंत्र आमच्या जिल्ह्यात तेव्हा कुणी पाहिलंही नव्हतं, पण साडू सुटीत गावी आले की त्यातून कुणाची सुटका नसे. पंगतीत भातावर वरण ओतून ते घड्याळ बघत. "पाहा, निरोगी वाहिनी इतकं झिरपू देत नाही. गाठीची वाहिनी घाईघाईत बांधलेली, म्हणून गळकी." शेजारचा ताट घेऊन उठे. एका साखरपुड्यात तर त्यांनी नवरीच्या मनगटावरच्या शिरांचं तोंड भरून कौतुक केलं. मुलाकडच्यांची समजूत काढताना आमचा घसा बसला.

मग पिंपळगाव राजा या गावी आमच्या सासऱ्यांच्या, म्हणजे मामाजींच्या, मांडीत गाठ निघाली. साडूंनी त्यांना मुंबईला नेलं; मी सोबत होतो. पडद्यावरचं चित्र पाहून साडू हरखले आणि मामाजींनाच म्हणाले, "काय सुंदर गाठ आहे हो!"

"आवडली तं ठेवून घ्या जवाईबापू," मामाजी म्हणाले. "मले नाई लागत."

साडूंनी ही संशोधनाला संमती समजून कागद पुढे केला.

उपचाराच्या पहिल्या फेरीनंतर पुन्हा चित्र काढलं. वाहिन्या तितक्याच गळत होत्या. औषध लागू पडलं नव्हतं. आता व्याख्यान होणार म्हणून मी जीव मुठीत धरून बसलो. साडू बाहेर आले, मामाजींजवळ बाकावर टेकले. "मामाजी, लय दुखते का?" महिन्याभरात त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं, तेही वऱ्हाडीत.

"दुखते ना. काऊन, चित्रात दिसत नाई का?"

"नाई दिसत," साडू म्हणाले, आणि तासभर तिथंच बसून राहिले.

त्याच चित्रावरून डॉक्टरांनी औषध लवकर बदललं. मामाजी पुढे कापसाचे तीन हंगाम जगले. "जवाई येडाच हाय," ते गावभर सांगत, "पन त्याच्यानंच मी वावरात दिसून राह्यलो."

साडू आता निवृत्त आहेत, ठाण्यात एकटे राहतात. फोन केला की अजून रक्तवाहिन्याच सुरू होतात. पूर्वी मी काहीतरी निमित्त काढून फोन ठेवायचो, हल्ली ऐकत बसतो. मध्येच ते थांबतात आणि हळूच विचारतात, "मामाजींच्या वावरात यंदा काय पेरलं?"